डोंगराच्या पोटातलं पाणी

आमच्या जलसंशोधन संस्थेत नव्या खुर्च्या आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. सगळ्यांच्या खुर्च्यांच्या गाद्या बसल्या, हात सोलवटले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी कोरी होती, कारण ती खुर्चीवर टेकायचीच नाही. चहा उभ्याने, फोन उभ्याने, आणि काम म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर नकाशा पसरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. बैठकीला बसावंच लागलं तर टेबलाखाली तिचा पाय शिवणयंत्रासारखा चालायचा आणि शेजारच्याच्या कपातला चहा हिंदकळायचा. संस्थेत तिला सगळे मॅडम म्हणत. घरी तिचं नाव भिंगरी होतं, हे मला पुढे तिच्या भावाच्या तोंडून कळलं, आणि इतकं चपखल नाव ठेवणाऱ्या बापाबद्दल मला आदर वाटला.

मी माशांचा माणूस. गोड्या पाण्यातले मासे पकडायचे, मापायचे, त्यांच्या परांतले काटे मोजायचे, स्पिरिटच्या बाटलीत ठेवायचे, आणि त्यांच्याबद्दल असे लेख लिहायचे जे जगात मूठभर लोक वाचतात आणि त्यातले निम्मे माझ्याशी भांडतात. ती भूवैज्ञानिक. दगड तिचे, मासे माझे आणि पाणी दोघांच्या सामाईक मालकीचं, अशी आमची वाटणी. आमच्या टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं. तिने एखादा खडक धाडकन आत टाकला की माझ्या बाजूच्या बाटल्या किणकिणायच्या.

तिचं माहेर आमच्या शहराला लागून असलेल्या डोंगराच्या पलीकडे. डोंगर चुनखडीचा, लांबट, झोपलेल्या म्हशीसारखा. अलीकडे शहर, पलीकडे तिचं गाव. गावाच्या डोक्यावर खडकातून एक झरा फुटतो, त्या झऱ्याच्या पाण्यावर तिच्या वडिलांनी मासे पाळायची तळी बांधली होती. लहानपणी तिने बापाला विचारलं होतं, झऱ्याचं पाणी कुठून येतं. बाप म्हणाला, डोंगरातून. डोंगरात कुठून येतं? बाप म्हणाला, गप्प बस आणि जाळं धर. "मी काही गप्प बसले नाही," ती सांगायची, "म्हणून दगड शिकले." तळी दादाकडे गेली, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडे. आईही त्याच्याचकडे राहायची. ही लग्न करून शहरात आली. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. मऊ बोलणारा, एक दात तासभर कानशीने घासत बसणारा माणूस. तो मला एकदा म्हणाला, "हिच्याबरोबर संसार म्हणजे वारा खिशात घालून हिंडायचं. पण उकडत नाही कधी."

तर त्या वर्षी दादाची एकच तक्रार होती. झरा आटतोय. दर उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त. तळ्यांत पाणी पुरेसं फिरत नाही, सकाळी सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पांढरं पोट वर करून तरंगतात. आणि हे सगळं शहराने डोंगराच्या अलीकडच्या पायथ्याशी खोल विहिरी खणून मोठे पंप बसवल्यापासून. पाणीपुरवठा खात्याने त्याला लेखी उत्तर दिलं होतं की पंप डोंगराच्या या बाजूला आहेत आणि झरा त्या बाजूला, सबब संबंध नाही. विहिरींच्या जागा आमच्याच संस्थेने सुचवलेल्या होत्या. आमच्या संचालकांनी स्वतः, तरुणपणी, डोंगर पायी तुडवून.

"नकाशावर डोंगर म्हणजे भिंत दिसते," ती मला म्हणायची. "पण चुनखडीची भिंत म्हणजे कसली भिंत. पाणी तिला हजारो वर्षं खात आलंय. आतून नुसती पोखरलेली." पण असं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला हातात काही नव्हतं. ती कपाटाभोवती फेऱ्या मारायची, मी बाटल्या धरून ठेवायचो.

एके दिवशी शहराच्या पंपघरातल्या माणसाने माझ्यासाठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक मासा पाठवला. पंपाच्या जाळीत अडकलेला. मी बरणी उजेडात धरली आणि हातचा घास तसाच राहिला. करंगळीएवढा, फिकट गुलाबी, आरपार दिसावा असा. आतली आतडी, हृदयाचा तांबडा ठिपका, सगळं उघडं. आणि डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. जमिनीच्या पोटातल्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मासा. असे मासे जगात आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या पायाखाली आहेत याची मला कल्पना नव्हती.

तिला दाखवला तेव्हा ती बरणीपाशी वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"हा आमच्या झऱ्यात निघायचा," ती म्हणाली. "लहान असताना मी पाहिलाय. मोठा पाऊस झाला की एखादा यायचा वाहून. आई म्हणायची, त्याला हात लावू नको, आजारी आहे बिचारा."

"नक्की हाच?"

"मला काय माहीत. मासे तुमचे. चला, उठा."

जेवणाचा डबा तसाच टाकून आम्ही जीपने डोंगराला वळसा घालून तिच्या माहेरी गेलो. दादा तळ्याच्या बांधावर खाद्य फेकत उभा होता. अंगाने रुंद, हालचालीला संथ, बहिणीच्या अगदी उलटा. "भिंगरे, आज काय मोडायला आलीस?" एवढंच म्हणाला. झऱ्याच्या तोंडाशी आम्ही बारीक जाळीचा सापळा लावला. पुढच्या बऱ्याच फेऱ्यांमध्ये त्यात पालापाचोळा आणि एक चिडलेला खेकडा याशिवाय काही आलं नाही. ती रोज फोन करून दादाला विचारायची आणि दादा रोज म्हणायचा, "आला की सांगेन, तू फोन केल्याने तो लवकर येणार नाही." शेवटी आला. वहिनीने तो बादलीत जपून ठेवला होता, वर ताट झाकून.

मी दोन्ही मासे शेजारी ठेवले. काटे मोजले, जबडा पाहिला, खवल्यांची रांग पाहिली. एकच जात. आता आंधळा मासा काही डोंगर चढून पलीकडे जात नाही. तो अलीकडेही आहे आणि पलीकडेही, याचा अर्थ मधून त्याला पोहत जाता येईल अशी वाट आहे, किंवा निदान कधीकाळी होती.

"होती की आहे?" संचालकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ते कोरडे गृहस्थ होते, पण खोटं बोलणारे नव्हते. "मासा जुनी गोष्ट सांगतो. मला आजची सांगा."

आजची गोष्ट सांगायला रंग लागतो. विटकरी भुकटी असते, पाण्यात पडली की पोपटी हिरवी होते. माणसाला, माशांना अपाय नाही. एका ठिकाणी ती पाण्यात सोडायची आणि पाणी जिथे जिथे निघू शकेल तिथे खास कोळशाचे दाणे भरलेल्या जाळीच्या पिशव्या टांगायच्या. डोळ्याला दिसणार नाही इतका रंग आला तरी कोळसा तो धरून ठेवतो. मग तो कोळसा धुवायचा आणि धुवण जांभळ्या दिव्याखाली धरायचं. रंग असेल तर ते हिरवं उजळतं.

सोडायचा कुठे, हे तिने ठरवून टाकलं होतं. दादाच्या तळ्यांतून बाहेर पडलेलं पाणी ओढ्याने थोडं अंतर वाहतं आणि खडकातल्या एका भोकात गडप होतं. त्या जागेला गावात घसा म्हणतात. घशातलं पाणी खाली नदीला मिळतं अशी सगळ्यांची समजूत. तिचं म्हणणं, ते डोंगराच्या पोटातून शहराच्या विहिरींकडे ओढलं जातंय. रंग विहिरीत दिसला की खात्याला तोंड उघडायला जागा उरणार नाही.

जाताना जीपमध्ये मी म्हणालो, "मॅडम, त्या घशात तळ्यांचं सांडपाणी जातं. माशांची घाण, उरलेलं खाद्य. रंग शहरात पोचला तर हेही पोचतंय असाच अर्थ होईल."

तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू होतं. स्टिअरिंगवर तिची बोटं नाचत होती, ती थांबली. मी तिला इतकी निश्चल कधी पाहिली नव्हती, आणि मला ते बरं वाटलं नाही.

"शहराच्या पाण्याचे तपासणीचे आकडे हल्ली वाईट येतायत," ती म्हणाली. "कारण सापडत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात. माझ्या मनात हे आलंच नाही असं नाही."

"मग दुसरीकडे कुठे सोडूया?"

"दुसरीकडे सोडून काय कळणार? पाणी जिथे आत जातं तिथेच सोडायला हवा." तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. "माझ्या भावाचं तळं आहे म्हणून प्रश्न बदलू?"

घशाशी दादा आधीच येऊन उभा होता, हौसेने, बाही सरसावून. त्याच्या दृष्टीने आज न्याय व्हायचा होता. तिने त्याला सांगायचा प्रयत्न केला. "दादा, ऐक. उत्तर कसंही येऊ शकतं. आपल्याला नको तसंही."

"येऊ दे की. पाणी काय खोटं बोलणारे? आण ती भुकटी इकडे."

त्याने स्वतःच्या हाताने डबा उपडा केला. पाणी आधी लालसर झालं, मग डोळे दिपतील असं हिरवं, आणि ते हिरवं गरगरत खडकाच्या तोंडात शिरलं. दादा लहान मुलासारखा हसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघणं तिला कधीच जमलं नव्हतं. नियम असा की पिशव्या ठराविक अंतराने बदलायच्या. ती मध्येच जाऊन यायची. नदीच्या पिशव्या कोऱ्या, झऱ्याच्या कोऱ्या, विहिरींच्याही कोऱ्या. ती जिन्यावरून विनाकारण खालीवर करायची. नळ उघडून पाण्याकडे बघत उभी राहायची. प्रयोगशाळेतल्या सगळ्या काचेच्या नळ्या तिने धुऊन काढल्या, धुतलेल्याही. नवरा म्हणे घरीसुद्धा ती ताटावरून उठून बाल्कनीत जाते, तिथून स्वयंपाकघरात, तिथून परत ताटावर. "काय हवंय?" त्याने विचारलं. "काही नको." "रंग यावा असं वाटतंय की येऊ नये असं?" तिने भांडी घासायला घेतली.

शेवटी एका फेरीत आणलेली पहिल्या विहिरीची पिशवी मी धुतली. जांभळ्या दिव्याखाली नळी धरली आणि ती हिरवी पेटली. शंकेला जागाच नव्हती. ती माझ्या मागे उभी होती. दुसऱ्या विहिरीची धुतली, तीही हिरवी. नदीची कोरी.

"सिद्ध झालं," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी काही सिद्ध झाल्यासारखी खिडकीपाशी गेली.

संचालकांनी निष्कर्ष दोनदा वाचला. "म्हणजे प्रदूषणाचा स्रोत सापडला," ते म्हणाले. "तळी."

"आणि पंप तिकडचं पाणी ओढतायत, तेही सापडलं."

"नाही. पाणी कुठे जातं ते रंगाने कळतं. कुणी ओढतंय म्हणून जातंय की मुळातच त्या वाटेने जायचं, ते रंग सांगत नाही. पंप बसण्याआधीही ते इकडे येत असेल."

"मग पंप बंद ठेवून बघूया. झरा चढला तर कळेल."

"ऐन उन्हाळ्यात शहराचं पाणी तोडू? आणि लोकांना काय सांगू, आमच्या मॅडमना एक शंका आहे?" ते तिरसटपणे बोलले नाहीत. "मॅडम, जे सिद्ध झालंय ते मला वर कळवावं लागेल. मुलं ते पाणी पितात."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "नोटीस जायच्या आधी मी स्वतः सांगणार. तुम्ही चला बरोबर. मी एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत फिरेन."

मी दादाच्या ओसरीच्या पायरीवर बसलो होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं. तिने काही लपवलं नाही, गोलगोल बोललीही नाही. रंग विहिरीत निघाला म्हटल्यावर दादाने मांडीवर थाप मारली. मग तिने पुढचं सांगितलं.

"म्हणजे माझी घाण शहरात जाते," तो म्हणाला.

"हो."

"आणि त्यांचे पंप माझा झरा ओढतात त्याचं काय?"

"तसं मला वाटतं. पण ते अजून दाखवता आलेलं नाही."

"वाटतं." दादा उठला. "माझं झालं ते सिद्ध. त्यांचं आहे ते नुसतं वाटतं. आणि डबा ओतला कुणी, तर मी. माझ्याच हातांनी."

"मी सांगितलं होतं तुला, उत्तर—"

"सांगितलं होतंस. बरोबर आहे." त्याने आवाज चढवला नाही. खाद्याची पाटी उचलून तो तळ्याकडे निघून गेला. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, आता तुम्ही निघा. मी त्यांच्याशी बोलेन नंतर, पण आज तुम्ही निघा."

आई कोपऱ्यात बसली होती. तिने लेकीला जवळ बोलावलं. "खरं आहे का हे?"

"खरं आहे, आई."

"मग सांगायलाच हवं होतं." तिने लेकीच्या हातावरून हात फिरवला. "पण थोडे दिवस इकडे येऊ नकोस. मी बोलवेन."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. ती दाराच्या काचेवर बोटाने टकटक करत राहिली, शहराची घरं लागेपर्यंत.

दादाच्या फाटकावर नोटीस चिकटली. खालची मोठी तळी रिकामी करा, सांडपाणी घशात सोडू नका. त्याने सवलत मागितली, मुदत मागितली, थोडी मिळाली. मासे पडेल त्या भावाने गेले. या सगळ्या बातम्या तिला नवऱ्याकडून कळायच्या, कारण वहिनी आपल्या आईच्या कवळीच्या निमित्ताने त्याला फोन करायची. कवळी कधीच बनून गेली होती, पण ती बोचते अशी तक्रार काही संपत नव्हती.

झऱ्याच्या तोंडाशी तिने पाण्याची पातळी आपोआप टिपणारं एक यंत्र बसवून ठेवलं होतं. त्याची बॅटरी बदलायला तिने मलाच पाठवलं. मी गेलो की दादा एक शब्द न बोलता मला झऱ्यापर्यंत सोडायचा, एक शब्द न बोलता परत आणायचा, आणि फाटकाशी म्हणायचा, "चहा घेऊन जा." पातळी सारखी उतरत होती. ती आकडे घ्यायची, कागदावर रेघ ओढायची, मग पुन्हा तीच रेघ दुसऱ्या कागदावर ओढायची. "माझ्याकडे अर्धं वाक्य आहे," ती म्हणायची. "अर्ध्या वाक्याने त्याला बुडवलं मी."

आणि मग पंपघराचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

भर दुपारी मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि शहराचे सगळे खोल पंप एका झटक्यात मुके झाले. नवा ट्रान्सफॉर्मर लांबून यायचा होता. रस्त्यारस्त्यांवर टँकर फिरू लागले, बादल्यांच्या रांगा लागल्या, शेजारी शेजाऱ्याशी भांडू लागले. संस्थेत, म्हणजे जलसंशोधन संस्थेत, हात धुवायला पाणी नव्हतं, आणि आमच्या शिपायाने हा विनोद येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. तिच्याही घरी नळ कोरडे. ती रांगेत बादली घेऊन उभी असताना तिचा चेहरा इतका उजळला होता की एका बाईने तिला विचारलं, तुमच्याकडे पाणी आलं का. ती मला हे सांगताना ओशाळली. "लोकांच्या घरात थेंब नाही आणि माझ्या मनात उकळ्या फुटतायत."

तिला लगेच झऱ्यावर जायचं होतं. यंत्र आकडे टिपत असेलच, पण तिला डोळ्यांनी बघायचं होतं. गाडीची किल्ली बोटात फिरवत ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. आईने अजून बोलावलं नव्हतं. "तुम्ही जा," ती मला म्हणाली, मग म्हणाली, "नको, थांबा. घाई नको. पाण्याला वेळ देऊ." घाई नको हे शब्द तिच्या तोंडून ऐकून शिपायाने मान वर करून पाहिलं.

फोन वाजला तेव्हा ती त्याच्या शेजारीच उभी होती. मला पलीकडचा आवाजही ऐकू येत होता, इतका दादाचा आवाज मोठा.

"पाणी चढतंय," तो म्हणाला. हाक नाही, विचारपूस नाही, थेट.

"कुठपर्यंत?"

"बाबांच्या जुन्या पायरीला लागलंय. पाऊस नाही, ढग नाही. सकाळी मला वाटलं डोळे फिरले माझे. काय केलंत तुम्ही?"

"आम्ही काही केलं नाही. शहराचे पंप बंद पडलेत."

पलीकडे खाद्याची पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कधीपासून?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने बहुतेक मनात हिशेब जुळवला. मग म्हणाला, "मग ये आणि मोजून घे. ते पुन्हा सुरू झाले म्हणजे परत उतरणार. नंतर म्हणू नकोस दादाने सांगितलं नाही."

तिने नुसतं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ती जिन्यावरून अशी धावत उतरली की मी खाली पोचलो तेव्हा जीप फाटकाबाहेर होती आणि मला मागून पळत जाऊन चढावं लागलं.

पाणी खरोखरच पायरीला लागलं होतं, स्वच्छ, गार, खडकाच्या फटीतून जोर करून येत. दादा आणि ती काठावर उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. ती आकडा सांगायची, तो त्याच्या माहितीतलं जोडायचा, की अमुक फटीतून आधी आलं, तमुक फट अजून कोरडी आहे. बाकी बोलणं नाही. आई मात्र आतून आली आणि लेकीच्या हातात पाण्याचा पेला दिला. "शहरात मिळत नाही म्हणे," ती म्हणाली.

नवा ट्रान्सफॉर्मर बसला, पंप सुरू झाले, आणि थोड्याच काळात झऱ्याची पातळी खाली यायला लागली. यंत्राची रेघ चढली, सपाट झाली, मग घसरली. पंपघरातल्या वेळा त्या रेघेखाली मांडल्या की लहान मुलालाही कळावं. अर्धं वाक्य पूर्ण झालं.

तिने अहवालात दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या. तळ्यांची घाण शहराच्या पाण्यात जाते. शहराचे पंप झऱ्याचं पाणी ओढतात. संचालकांनी तो अहवाल घरी नेला, परत आणला, पुन्हा नेला. शेवटी तिला बोलावलं. मला तिने ओढूनच आत नेलं.

"या विहिरींच्या जागा मी काढल्या होत्या," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या जागा चुकल्या असं लिहायचं."

"जागा चुकल्या नाहीत, सर. पाणी भरपूर लागलंच की. फक्त ते आधीच कुणीतरी वापरत होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या वेळी डोंगराच्या पलीकडे जावंसं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "पाय दुखत होते." आणि सही केली. वरच्या कचेऱ्यांतून त्या अहवालाला बरेच धक्के खावे लागले, कुणी पहिलं वाक्य गाळायला सांगितलं, कुणी दुसरं. गाळलं काहीच नाही, एवढं श्रेय संचालकांना द्यायलाच हवं.

शेवटी जे ठरलं त्याने कुणाचंच समाधान झालं नाही. उन्हाळ्यात पंप कमी चालवायचे आणि उरलेलं पाणी लांबच्या नदीवरून आणायचं, म्हणून शहर कुरकुरलं. दादाची वरची तळी राहिली, खालची कायमची गेली. सांडपाणी आता लव्हाळ्यांच्या पट्ट्यातून गाळून मगच घशात सोडावं लागतं. अर्धा धंदा बसला. त्याने बहिणीचे आभार मानले नाहीत आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती. बराच काळ तो तिच्याशी बोलायचा ते फक्त पाण्याबद्दल. चढलं, उतरलं, गढूळ झालं. पण रोज बोलायचा.

आंधळ्या माशावरचा माझा लेख छापून आला. नव्या जातीला तिचं नाव द्यायची माझी इच्छा होती. ती म्हणाली, "वर्षानुवर्षं अंधारात एका जागी पडून राहणाऱ्या प्राण्याला माझं नाव? तुम्ही मला ओळखता की नाही?" मी घशाचं नाव दिलं. दादाने लेखातलं चित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, खायला कसा लागतो. मी म्हणालो, अजून कुणी खाल्लेला नाही. "मग काय शोध लावलात," तो म्हणाला.

यंदा पंप कमी केल्यावर झरा चढायला हवा होता तितका चढला नाही. हिशेबापेक्षा पाणी कमी भरतंय. म्हणजे डोंगराच्या पोटातून आणखी एक फाटा कुठेतरी जातो, तिसरीकडेच, आणि तो कुठे निघतो हे कुणाला ठाऊक नाही. तिची झोप पुन्हा उडाली आहे. परवा संस्थेच्या फाटकातून जीप बाहेर पडताना मी पाहिली. गाडी ती चालवत होती, शेजारी दादा बसला होता, मांडीवर कोळशाच्या पिशव्यांची टोपली घेऊन. डावीकडून जायचं की उजवीकडून यावर दोघांचं जोरात वाजलं होतं, आणि गाडी चौकाच्या मधोमध उभी होती.